केळीचा दांडा की मिलचे काळे पाणी?

चवथीची सुट्टी संपली की आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या दारात मुले प्रकल्पाचा विषय घेऊन उभी राहतात. त्यांत दोन-तीन जणांचा विषय कागद असतोच, आणि तोही ठरलेल्या दोन साच्यांत. कुणाला टाकाऊ वनस्पतीपासून कागद करायचा असतो, कुणाला पेपर मिलच्या सांडपाण्यावर प्रक्रिया. ‘मॅडम, यातला कुठला घेऊ?’ या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. दरवर्षी कॉरिडॉरमध्ये उभ्याने तेच तेच सांगण्यापेक्षा यंदा लिहूनच ठेवते.

सगळ्यात आधी नकाशा बघा. लाकूड शिजवून लगदा करणारी मोठी मिल गोव्यात नाही. कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत पुठ्ठ्याचे खोके बनतात, पण त्यांचा कागद तयार रिळांतून बाहेरून येतो. खरी मिल बघायची तर मोलेहून अनमोड घाट चढून, रामनगरमार्गे दांडेलीला, काळी नदीच्या काठी जावे लागते. याउलट कच्चा माल आपल्या पायाशी पडलेला असतो. सावईवेऱ्याच्या कुठल्याही कुळागरात (सुपारी-नारळ-केळीच्या बागायतीत) जा, घड उतरवला की केळीचा दांडा तिथेच बुंध्याशी कापून टाकलेला दिसेल. दोन्ही विषयांतले निम्मे फरक या एका गोष्टीतून निघतात.

कागदापासून सुरुवात करू.

दहा किलो ओला दांडा डोक्यावरून आणलात तर त्यातले नऊ किलो पाणीच असते, हे पहिल्यांदा करणाऱ्याला कुणी सांगत नाही. उरलेल्या किलोभर सुक्या मालातून शिजवून, धुऊन हाती येतो तीनशे-चारशे ग्रॅम लगदा. ए-फोर आकाराचा ताव म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग. हाताने केलेला १६० जीएसएमचा (एका चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा) जाडसर ताव धरला तर एका तावाला दहा ग्रॅम. म्हणजे सगळी धडपड तीस-चाळीस तावांसाठी, आणि त्यातले पहिले दहा फाटणारच. चाचण्यांना पुरेसे ताव हवेत, तर हा हिशेब दांडा आणण्यापूर्वी करा.

कृती सोपी आहे. दांड्याचे बोटाएवढे तुकडे, सुक्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के कॉस्टिक सोडा, भरपूर पाणी आणि तीन तास उकळी. सोड्याने लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारा वनस्पतीतला पदार्थ, विरघळते आणि सेल्युलोजचे तंतू सुटे होतात. मग ते पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे, कुटायचे, टबात पातळ करून जाळीच्या चौकटीने उचलायचे, जुन्या सुती पंचावर पालथे घालायचे, दाबायचे, वाळवायचे. कुटणे ही यातली खरी विद्या. कुटल्याने तंतूंच्या पृष्ठभागावर लव सुटते, तंतू एकमेकांना जास्त ठिकाणी चिकटतात आणि हायड्रोजन बंध वाढतात. कागद गोंदाशिवाय एकत्र राहतो तो याच बंधांवर. मिक्सरमध्ये फिरवले तर पाती तंतू कापतात, कुटत नाहीत. म्हणून मिक्सरचा कागद दिसायला गुळगुळीत, पण ओढला की टरकन फाटतो. खलबत्त्यात कुटलेला लगदा आणि मिक्सरमधला लगदा यांची तुलना एवढा एकच प्रश्न घेतलात तरी चांगला प्रकल्प होतो.

भांडे मात्र स्टीलचेच. एका मुलीने घरी सराव म्हणून आईच्या अॅल्युमिनियमच्या टोपात सोडा आणि केळ शिजवायला ठेवले. अॅल्युमिनियम आणि कॉस्टिक यांची गाठ पडली की हायड्रोजन सुटतो. टोप आतून फसफसला, काळा पडला आणि तळाला चाळणी झाली. नशीब, खिडकी उघडी होती. टोप भरून द्यावा लागला तो वेगळाच.

आता या विषयाची खोट. कागद तयार होतो, उन्हात छान दिसतो, त्यावर पिंपळाचे पान चिकटवून शुभेच्छापत्र होते आणि प्रकल्प हस्तकलेच्या प्रदर्शनात जाऊन बसतो. बाहेरचा परीक्षक विचारतो, ‘तुम्ही मोजले काय?’ तिथे शांतता. मोजण्यासारखे खूप असते. दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून वजन केले आणि शंभराने गुणले की जीएसएम. पीव्हीसी पाइपचा तुकडा तावावर दाबून, साठ सेकंद पाणी ठेवून, आधीचे-नंतरचे वजन घेतले की कॉब चाचणीचे घरगुती रूप. त्यावरून खळ (कागदाने पाणी पिऊ नये म्हणून दिलेली) किती लागू पडली ते कळते. फुटण्याची ताकद मोजणारे यंत्र कॉलेजात नसेल, पण खोके बनवणाऱ्या कारखान्यांकडे ते सहसा असते. विभागाचे पत्र घेऊन गेलात तर तासभर वापरू देतात, असा माझा अनुभव आहे.

त्यात आपली हवा आडवी येते. कागद हवेतला ओलावा पितो आणि ओला कागद मऊ पडतो. म्हणून प्रमाणित चाचण्या २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत, किंवा उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत करतात. जुलैत आमच्या प्रयोगशाळेत कोणता आकडा असतो हे तुम्हीच ओळखा. एकच ताव पावसात आणि जानेवारीत मोजला तर दोन वेगळे कागद वाटतात. वाळवायचे काम दसऱ्यानंतरच काढा. त्याआधी तावांवर बुरशी कागदापेक्षा वेगाने तयार होते.

केळीऐवजी भाताचा पेंढा घेऊ का, असेही विचारतात. घ्या, पण त्याचा तंतू जेमतेम मिलिमीटरभर आणि पेंढ्यात सिलिका वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. ही सिलिका सोड्यात विरघळून पुढे डोकेदुखी होते, मिलमध्येही आणि तुमच्या फिल्टर पेपरवरही. उसाचे चिपाड हवे असेल तर रसवाल्याकडून आणा. तो उलट तुमचे आभार मानेल.

पांढऱ्या कागदाचा हट्ट धरू नका. ब्लीचिंग पावडर टाकून रंग जातो खरा, पण क्लोरीन आणि लिग्निन यांच्यातून सेंद्रिय क्लोरीन संयुगे होतात. याच कारणाने जगभरच्या मिल्स साध्या क्लोरीनकडून क्लोरीन डायऑक्साइडकडे वळल्या. फारच हवे तर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. मला विचाराल तर केळीच्या कागदाचा बिस्किटी रंग छान असतो.

आता पाणी.

इथे विज्ञान पहिल्या दिवसापासून असते. पीएच, घन कण, बीओडी (पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन), रंग असे सगळे आकड्यांत. तुलना करायला सरकारी मर्यादाही तयार आहेत: नदी-नाल्यांत सोडण्याच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तरंगते कण १००, पीएच ५.५ ते ९. परीक्षकाला हे आवडते. नोकरी देणाऱ्यालाही. वेर्ण्यातली औषध कंपनी असो की कळंगुटचे हॉटेल, सांडपाण्याचा प्लँट सगळीकडे असतो आणि तो चालवणारे माणूस लागते. कागद करता येतो म्हणून मात्र कुणी तुम्हाला बोलावणार नाही.

अडचण नमुन्याची. काही वर्षांपूर्वी आमच्या दोन मुलांनी घाटापलीकडच्या एका छोट्या मिलमधून पाच लिटरचा कॅन भरून आणला. मिलने बिचाऱ्यांनी आनंदाने दिला. शनिवारी दुपारी निघाले, बस चुकली, कॅन रात्रभर एका नातेवाइकाच्या ओसरीवर राहिला आणि सोमवारी प्रयोगशाळेत आला तेव्हा फुग्यासारखा तट्ट फुगलेला होता. झाकण सैल केले तशी अख्ख्या मजल्यावर कुजक्या अंड्याची घाण पसरली. वाटेतच जंतूंनी त्यातला खाऊ संपवला होता, म्हणजे बीओडी मोजायचा तो राहिलाच नव्हता. बीओडीचा नमुना चार अंशांवर थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत लावायला हवा. सीओडीचा नमुना गंधकाम्लाने पीएच दोनच्या खाली आणला तर टिकतो. थर्मोकोलची पेटी आणि बर्फ घेऊन कदंबच्या बसमध्ये चढायची तयारी नसेल तर या विषयाच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी अडचण चाचणीच्याच कचऱ्याची. सीओडीच्या प्रत्येक नळीत पारा, चांदी आणि सहा संयुजेचे क्रोमियम असते. पाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पातून पाऱ्याची बाटली भरत जाते आणि ती सिंकमध्ये ओतता येत नाही. वर्षअखेरीस ती कुणाच्या ताब्यात द्यायची हे आधी ठरवा. बीओडी त्या मानाने गरीब गाय. भारतीय पद्धतीत तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. सोमवारी लावला की गुरुवारी मोजता येतो, पाच दिवसांच्या पद्धतीसारखा तो शनिवारवर जात नाही.

प्रक्रियेत मात्र मजा आहे. जार चाचणीत सहा चंबू मांडून तुरटीचे वेगवेगळे डोस द्यायचे, आधी जोरात ढवळायचे, मग हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. तपकिरी पाण्यात आधी धुके दिसते, मग धुक्याचे दाणे होतात, मग दाण्यांचा गाळ बसून वरचे पाणी फिक्या चहासारखे होते. तुरटीऐवजी मशिंगाच्या (शेवग्याच्या) बिया वाटून वापरणारी मुले दरवर्षी असतात. बियांतली धन भाराची प्रथिने गढूळपणा खाली बसवतात हे खरे, पण बियांचे तेल आणि बाकीचा अर्क पाण्यातच उतरतो आणि बीओडी वाढू शकतो. आधी तेल काढा, आणि फक्त गढूळपणा मोजून टाळ्या घेऊ नका.

रंग हे या पाण्याचे चिवट दुखणे. जंतूंच्या टाकीत बीओडी उतरतो (मिलच्या पाण्यात नत्र-स्फुरद कमी, म्हणून टाकीत युरिया आणि डीएपी घालतात, शेतकऱ्यासारखे), पण लिग्निनचा तपकिरी रंग जवळजवळ तसाच राहतो. यावर गोव्यातच मोलाचे काम झाले आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात समुद्रातल्या बुरशा मिलच्या ब्लीचिंगच्या पाण्यावर वाढवून रंग उतरवून दाखवला. फ्लाव्होडॉन फ्लाव्हस नावाची त्यांची बुरशी कुजक्या समुद्री गवतावर मिळालेली, आणि पुढे खारफुटीच्या कुजक्या लाकडातल्या बुरशीवरही काम झाले. हे निबंध वाचल्याशिवाय विषय घेऊ नका. खारफुटीचे लाकूड आणायला चोडणच्या अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, एवढे मात्र लक्षात ठेवा. पदवीच्या मुलांना धिंगरी अळंबी बरी. तीही लिग्निन फोडणारी बुरशी आहे, तिचे बियाणे विकत मिळते आणि उरलेले खाता येते. प्रयोगातले नव्हे!

मग घ्यायचे काय? एकच सत्र हातात असेल, एकटे असाल, सीओडीचा संच विभागात नसेल, तर कागद घ्या. पण ‘केळीपासून कागद’ नको. ‘कुटण्याच्या वेळेचा केळीच्या तावाच्या ताकदीवर परिणाम’ असा एकच धागा धरा. पुढे पर्यावरण किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करायची असेल, दोघे-तिघे असाल आणि बर्फाच्या पेटीची सोय असेल, तर पाणी.

पूर्ण वर्ष असेल तर मी तिसरीच वाट सुचवते. केळ शिजवल्यावर भांड्यात जे काळे, फेसाळ पाणी उरते आणि जे मुले मागच्या नळाशी ओतून मोकळी होतात, तेच तुमचा नमुना आहे. घाट नको, बस नको. दुपारी शिजवले, संध्याकाळी चाचणीला लावले. सौम्य गंधकाम्ल थेंबाथेंबाने टाकत पीएच तीनच्या खाली नेलात की लिग्निन चॉकलेटी चिखलासारखे खाली बसते. ते गाळा, वाळवा, वजन करा. वरच्या पाण्याचा रंग ४६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजा, मग त्यावर धिंगरी वाढवून बघा.

यात दोन गोष्टी सांभाळा. हा आम्ल टाकण्याचा प्रयोग फक्त साध्या सोड्याच्या पाण्यावर करायचा. मोठ्या मिल्समध्ये क्राफ्ट पद्धतीत सोड्याबरोबर सोडियम सल्फाइड असते, आणि त्या काळ्या द्रावणात आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो जीव घेऊ शकतो. दुसरे, शीर्षकात ‘पेपर मिलचे सांडपाणी’ लिहू नका. मोठ्या मिलमध्ये हे काळे द्रावण नदीकडे जात नाही. ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ मिळते आणि रसायने परत मिळतात. सांडपाणी होते ते धुण्याचे आणि ब्लीचिंगचे पाणी, कितीतरी पातळ. ‘सोडा पद्धतीच्या काळ्या द्रावणातील लिग्निन आणि रंग’ असे नेमके लिहा. परीक्षकाने हाच फरक विचारला तर उत्तर तयार असेल.

मार्गदर्शकाची सही घेण्याआधी एखाद्या रविवारी पुण्याला जाणाऱ्याला सांगून तिथल्या हातकागद संस्थेतून दोन-तीन प्रकारचे ताव मागवा. १९४० पासून ती संस्था सुती चिंध्यांचा कागद करते. तो ताव उजेडासमोर धरा, कोपरा फाडून कडेचे लांब तंतू बघा. मग कुळागरवाल्याला फोन करून विचारा, पुढचा घड कधी उतरवणार. दांडा त्याच दिवशी आणावा लागतो, आठ दिवसांनी तो काळा आणि लिबलिबीत झालेला असतो.