काँक शंख पाळताना : गणपतीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

नेरुळला आमच्या हॉलमध्ये चार फुटी, साधारण 250 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी आणि गेल्या गणपतीच्या सुमारास आणलेला एक काँक शंख. कोरल ठेवलेले नाहीत; कडक कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे तो विषयच नको. काँकबद्दल मात्र मनापासून सांगते, वाळू साफ ठेवायला याच्याइतका कामाचा जीव मी दुसरा पाहिला नाही. अट एकच, टँक जुना आणि मुरलेला हवा.

सासूबाईंनी आल्या आल्या विचारलं, "हाच का गं आपल्या देवघरातला शंख?" नाही. पूजेचा शंख टर्बिनेला पायरम, तो वाळूतले किडे खातो. आमचा कोनोम्युरेक्स लुहुआनस, पश्चिम पॅसिफिकमधला. हा शेवाळ आणि वाळूवरचा गाळ खाऊन जगतो. पूर्ण वाढला तरी फार तर आठ सेंटिमीटर.

पूर्वी दिवे लावले की आठवड्याभरात वाळूवर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा, तपकिरी थर चढायचा आणि दर रविवारी सायफन घेऊन बसावं लागायचं. आता समोरची वाळू पांढरी असते. याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. आधी वाळूतून दांड्यांवरचे दोन डोळे वर येतात, बुबुळाभोवतीची वर्तुळंही स्पष्ट दिसतात. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना वळतात. मग मधून लांब सोंड बाहेर येते आणि डावीकडे-उजवीकडे फिरत वाळूचा वरचा थर चाटत जाते. गोगलगायीसारखा हा सरपटत नाही. पायाच्या टोकाला कोयत्यासारखं टणक नख असतं, ते वाळूत रोवून एकदम पुढे उडी घेतो. उलटा पडला तर त्याच नखाचा जोर लावून सुलटा होतो. माझी मुलगी अभ्यास सोडून हे बघत बसते आणि मी तिला रागवत नाही.

काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ मात्र हा काढत नाही. त्यासाठी टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी लागतात. आणि पाण्यात नायट्रेट (माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून साचणारा क्षार) वाढलेलं असेल तर कोणताही शंख ते कमी करणार नाही, पाणी बदलावंच लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाणं. टँकमध्ये ठेवलेले काँक बऱ्याचदा उपासमारीने जातात, कारण वाळू चकचकीत झाली की त्यांच्यासाठी काही उरतच नाही. म्हणून टँक निदान सहा महिने जुना असावा, वाळू बारीक आणि दोन-तीन इंच जाड असावी, आणि दगडांनी सगळा तळ व्यापलेला नसावा. आमच्याकडे दिवे बंद झाल्यावर आठवड्यातून दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) तुकडा किंवा बुडणारी अल्गी वेफर, म्हणजे शेवाळाची वडी, त्याच्या वाटेत ठेवतो. वाळूत पुरलेला असला तरी थोड्या वेळात वास काढत येतो. सकाळी उरलेलं काढून टाकायचं, नाहीतर पाणी बिघडतं. एवढ्या टँकला एकच काँक पुरे. दुसरा आणायचा मोह मलाही होतो, पण दोघांना पुरेल एवढी वाळू आमच्याकडे नाही.

पाण्याची घनता 1.025, तापमान 25 ते 26 अंश आणि कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम. शंख वाढायला कॅल्शियम लागतं, त्यामुळे ते तपासायचा कंटाळा करू नये. आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असते. नुसत्या पंख्याने पाणी थंड होतं, पण नवी मुंबईच्या दमट हवेत त्याचा असर कमी पडतो, म्हणून आम्ही चिलर घेतला. वीजबिल वाढलं, पण पटलं. वाफ होऊन कमी झालेलं पाणी आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या, गोड पाण्याने भरायचं, खाऱ्याने नाही. मीठ उडून जात नाही, त्यामुळे खारं पाणी ओतलं तर घनता चढतच जाते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

माशांना पांढरे ठिपके आले तर कॉपरचं औषध मुख्य टँकमध्ये चुकूनही घालू नका, ते शंखाला मारतं. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये काढा. ट्रिगर आणि पफर मासे, तसंच मोठे हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) यांच्यासोबत काँक ठेवू नये. खेकडे कवचासाठी त्याला मारतात.

विकत घेताना घाई करू नका. क्रॉफर्ड मार्केटला असो वा आपल्या वाशीत, दुकानदाराला शंख वाळूवर उलटा ठेवायला सांगा. निरोगी असेल तर थोड्या वेळात डोळे काढतो आणि स्वतः सुलटा होतो. कवचाच्या तोंडाची बाहेरची कड म्हणजे ओठ, त्याच्या खालच्या टोकाशी एक खाच असते, तिथून उजवा डोळा बाहेर येतो. ती बघून घ्याच. लुहुआनसचं कवच विषारी कोन शंखासारखं दिसतं आणि कोनला ही खाच नसते. शंका आली तर हात लावू नका. लांब बोटांचे कोळी-शंख म्हणून कोणी लॅम्बिस दाखवला तर सरळ नाही म्हणा, त्यातल्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत. घरी आणल्यावर थेंबाथेंबाने टँकचं पाणी देत निदान तासभर रुळवा, मगच वाळूवर ठेवा. पहिले एक-दोन दिवस तो वाळूतच राहिला तर उकरून काढू नका.