डेव्हिडॉफ 2000, उपमान हाफ कोरोना की मॅकॅन्युडो अ‍ॅस्कॉट: छोट्या, सौम्य सिगारची निवड

छोटा आणि सौम्य सिगार निवडू पाहणाऱ्यासमोर बहुधा तीन नावे येतात: डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळले जाणारे डेव्हिडॉफ सिग्नेचर 2000 व मॅकॅन्युडो कॅफे अ‍ॅस्कॉट, आणि क्यूबाचा एच. उपमान हाफ कोरोना. तिघांचाही छोटेपणा निरनिराळा आहे. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. त्या हिशेबाने 2000 हा सुमारे 5 इंच लांब व 43 जाडीचा, हाफ कोरोना अवघा 90 मिलिमीटर लांब पण 44 जाडीचा, तर अ‍ॅस्कॉट 4 इंचांहून किंचित लांब आणि 32 जाडीचा, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. चव पारखताना लांबीपेक्षा जाडीचा आकडा आधी पाहावा, कारण बारीक सिगार लवकर तापतो आणि तापलेल्या धुरात सौम्य तंबाखूचा नाजूक स्वाद सर्वांत आधी करपतो.

अ‍ॅस्कॉटची अडचण हीच आहे. मॅकॅन्युडो कॅफेचे बाहेरचे कनेक्टिकट पान (अमेरिकेतील त्या राज्याच्या नावाचा फिकट तंबाखू) मुळात मवाळ आहे. परंतु या आकारात जरा घाईने ओढले तरी निम्म्यानंतर कडवटपणाच उरतो. खिशात मावणारा आणि तुलनेने स्वस्त, एवढीच त्याची बाजू.

खरी तुलना उरलेल्या दोघांत आहे. 2000 चे बाहेरचे पान कनेक्टिकट बियाण्याचे, पण इक्वेडोरमध्ये पिकवलेले असते. तिथल्या कायम ढगाळ आकाशामुळे कापडाची सावली न करताही पान पातळ, फिकट आणि गुळगुळीत येते. पेटवण्यापूर्वी टोक कापून एक कोरडा झुरका घ्यावा: त्यात वाळलेल्या गवताचा आणि लाकडाचा गंध लागतो, आणि ओढ, म्हणजे सिगारमधून हवा किती सहज येते ती, मोकळी आहे की नाही हेही तिथेच कळते. पहिल्या तृतीयांशात सायीसारखा मऊपणा असतो, मधल्या भागात किंचित मिरी आणि ओल्या मातीची छटा येते, आणि मिनिटाला एकाच झुरक्याचा संयम ठेवला तर शेवटपर्यंत तो तिखट होत नाही. धूर छातीत न घेता तोंडात घोळवून थोडासा नाकावाटे सोडला, की या छटा वेगवेगळ्या ओळखता येतात.

हाफ कोरोना 2011 मध्ये आला, पण उपमान हे नाव 1844 पासूनचे आहे. त्यातील सर्व तंबाखू क्यूबाचा असतो. भाजलेले दाणे, कॉफी आणि माती यांची चव पहिल्याच झुरक्यांत येते, कारण एवढ्या लांबीत हळूहळू उलगडायला जागाच नाही. माझ्या मते तो दोघांत अधिक रंजक आहे, परंतु त्याला निखळ सौम्य म्हणता येत नाही. रिकाम्या पोटी तर नवख्याने तो पेटवूच नये. शिवाय क्यूबाच्या सिगारांची ओढ एकसारखी नसते, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेतील मराठी वाचकांपुढे हा पर्याय कायद्यानेच नाही; प्रवाशांना सामानातून क्यूबाचा तंबाखू आणण्याची 2016 मध्ये वाढवलेली सवलत सप्टेंबर 2020 मध्ये काढून घेतली गेली.

सौम्य हा शब्द चवीचा आहे, अपायाचा नव्हे. सिगारच्या अल्कधर्मी धुरातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते, आणि धूर आत न घेतल्यानेही मुखकर्करोगाचा धोका टळत नाही.

हे स्वीकारूनही निवड करायचीच असेल आणि पाऊण तास हाताशी असेल, तर 2000 घ्यावा. अर्ध्या तासात उरकायचे असून जेवण झालेले असेल, तर हाफ कोरोना. मुंबई-कोकणात मात्र पावसाळ्यात पूर्ण पेटी विकत घेऊ नये. दमट हवेत पाने फुगून ओढ आवळते, आणि पारा 25 अंशांच्या वर राहिला की तंबाखूतील किड्यांची अंडी उबण्याची भीती असते. ह्युमिडॉर (आतला ओलावा ठरावीक राखणारी सिगारपेटी) नसेल तर त्या आठवड्यात ओढायचे तेवढेच सुटे सिगार घेणे बरे.