राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल: नागपूरकरांना कितपत उपयोगी?

तक्रार नोंदवायला पोर्टल चांगलं आहे, पण अर्ज भरण्याआधी प्रकार नीट ओळखा: ऑनलाइन छळ की पाठलाग. एखाद्याने पोस्टखाली एकदा घाणेरडी शिवी घातली, तो छळ. नकार दिल्यावरही नवनवीन खात्यांवरून मेसेज येत राहिले, तुमच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत राहिली, तर तो पाठलाग. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ याच दुसऱ्या प्रकारासाठी आहे: पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. हे कलम फक्त स्त्रियांना संरक्षण देतं, ही मोठी उणीव. पुरुषाला धमकी आली तर कलम ३५१ लावावं लागतं.

पोर्टलवर महिला व बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. मात्र तिचं पुढे काय झालं ते कळत नाही, म्हणून नाव देऊनच करा. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, छळ किंवा पाठलागाच्या तक्रारीसाठी तिथे वेळ घालवू नका.

तक्रारी अडतात त्या पुराव्यापाशी. नुसता कापलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. तारीख, वेळ आणि प्रोफाइलची पूर्ण लिंक हवीच, कारण खात्यावरचं नाव क्षणात बदलतं. आधी सगळं जतन करा, मगच ब्लॉक करा. मूळ फोन फॉरमॅट करू नका.

जिवाला धोका वाटत असेल तर पोर्टलची वाट न पाहता ११२ लावा. सीताबर्डी असो की हुडकेश्वर, हद्दीचं कारण सांगून ठाणं परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा, मागा.