महाद्वार रोड, गुजरी, चप्पल लाइन: काय घ्यावं, कुठं जपावं आणि काय हातचं जातंय

पापाची तिकटी ते बिनखांबी गणेश मंदिर, एवढाच कोल्हापूरचा महाद्वार रोड. रमतगमत गेलं तरी दहा-पंधरा मिनिटांत संपतो. सराफांची गुजरी त्याला लागून, चप्पल लाइन तिथून हाकेवर. खरेदी तिन्ही ठिकाणची एकाच फेरीत होते, म्हणून परीक्षणही एकत्रच.

आधी चप्पल. दुकानात जोडी हातात आली की पहिल्यांदा वास घ्यावा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला तुरट, उग्र वास येतो. रेक्झिनला येतो तो प्लॅस्टिकचा. मग जोडी उलटी करायची. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीनं शिवतात, कडेचे टाके एकेक मोजता येतात. खिळा दिसला किंवा नुसत्या गोंदावर तळ चिकटवलेला दिसला तर जोडी खाली ठेवावी. तळाच्या दोन थरांत पुठ्ठा दडपलाय का, हे कडेला नख लावून बघा. पुठ्ठा कागदासारखा उकलतो, आणि पहिल्या पावसात फुगून बसतो. दोन-तीनशे रुपयांना मिळणारं ‘कोल्हापुरी’ चामड्याचं नसतं, ते पाहुण्यांसाठी. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी ही प्रकारांची नावं विचारून बघा, फरक हातात देऊन दाखवणारा दुकानदार कामाचा. माल कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा निघाला तर फसलो असं समजू नये. 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि बेळगाव त्यात आहे.

खरी गंमत मापात. नवी जोडी पावलावर घट्टच हवी. पट्ट्याखाली करंगळी आरामात जात असेल तर महिन्याभरात चप्पल फटक फटक वाजणार, कारण चामडं सैल होतं, आवळत नाही. टाच मात्र तळाबाहेर जाता कामा नये. इथला जुना विक्रेता नंबर नंतर विचारतो, आधी पाय बघतो: चवडा रुंद आहे का, पाऊल वरून चढं आहे का. अंगठा चावतोय म्हटलं की “थांबा की जरा, दादा” म्हणून जोडी मागं जाते. कारागीर आरीनं वादी ढिली करतो, बोटभर पुढं सरकवून पुन्हा ओढतो, रापीनं उरलेलं टोक कापतो. पाच-दहा मिनिटांचं काम. चेन शोरूममध्ये सात नंबर चावला तर आठ नंबरचा डबा येतो, आठ सैल झाला तर “स्टॉक नाही”. तिथं आरी धरणारं कुणी नसतंच. तीन वर्षांनी वादी तुटली की तिथली जोडी कचऱ्यात, इथली पुन्हा शिवून पायात.

गुजरीत उलट आहे. इथं ग्राहकानं जास्त जागं राहावं. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क, शुद्धतेचा आकडा (22 कॅरटला 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघायचाच. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावचा, कोणत्या शुद्धतेचा, ते समोर येतं. लाख भरलेला दागिना असेल तर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. भाव लावायचा तो निव्वळवर. या बाबतीत साखळी पेढ्यांना पैकीच्या पैकी गुण. छापील बिल, घडणावळ टक्क्यांत, परतीचा नियम भिंतीवर. गुजरीतल्या काही दुकानांत अजून “बिल कशाला, ओळखीचं आहे” चालतं, ते बंद व्हायला हवं.

पण साज गाठवायचा झाला तर? कोल्हापुरी साजाची पानं, त्यांच्या मधले जवमणी, प्रत्येकाची जागा ठरलेली. दोरा झिजला की गाठवणारा पानं पांढऱ्या फडक्यावर मांडतो, क्रम लावतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ओवतो. साखळी पेढीत हाच दागिना पाकिटात घालून ‘वर्कशॉप’ला जातो आणि आठवड्यानं परत येतो.

कपड्यांचं थोडक्यात: रोजच्या कुर्त्या, मुलांचे कपडे चेनमध्ये स्वस्त आणि बदलूनही मिळतात, तिथं घ्यावेत. लग्नाचा बस्ता मात्र गादीवर बसूनच. आहेराच्या साड्या एका भावात वीस-पंचवीस काढून देणं, नको त्या न घडी मोडता परत घेणं, आणि गावाकडचं जुनं गिऱ्हाईक असेल तर उसाचं बिल येईपर्यंत थांबणं हे कुठल्याही बिलिंग मशीनला जमत नाही.

तरी इथली जुनी दुकानं कमी होतायत आणि जागी चेन येतायत. असं का व्हावं? लोकांची आवड बदलली, हे अर्धंच उत्तर. बाकीचं भाडे कायद्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 खाली पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन जागा घेतलेल्या, जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे, भाडं वर्षाला चार टक्क्यांनीच वाढतं. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला मात्र हे संरक्षण नाही. म्हणजे मालकाच्या दृष्टीनं चेन हा सोन्यासारखा भाडेकरू: बाजारभावानं भाडं, ठरावीक मुदतीचा नोंदणीकृत करार, मुदत संपली की जागा मोकळी. दुकानदाराची पुढची पिढी गल्ल्यावर बसायला तयार नसली की मालक पागडीची रक्कम देऊन गाळा सोडवतो, शेजारचे दोन जोडतो आणि एकच काचेचं तोंड उभं राहतं. त्यात ओटा जातो. ओटा गेला की त्यावर बसणारी गजरेवाली, काकडा विकणारी आजी, छत्री दुरुस्त करणारा, सगळेच उठतात. काचेपुढं रखवालदार उभा असतो, त्याला पायरी मोकळी हवी. जुना दुकानदार यांना कधी उठवायचा नाही. उलट चहा मागवला तर एक कप तिकडं जायचा.

चेनवाल्यांचा दोष म्हणाल तर त्यांनी कायदा मोडलेला नाही. जुन्या दुकानांचाही दोष आहेच: बिल न देणं, परगावचा माणूस दिसला की भाव चढवणं, स्वच्छतागृह विचारलं की आकाशाकडं बघणं.

जायचं कधी? शुक्रवार आणि नवरात्र टाळा. देवीच्या गर्दीत विक्रेत्याला पाय बघायला सवड नसते. गाडी बिंदू चौकात लावून चालत या. चपलेसाठी दुपार उलटल्यावर जावं, चालून पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हाचं माप खरं. घरी आणल्यावर पट्ट्याला आतून तिळाचं तेल बोटानं लावा, रात्रभर मुरू द्या, आणि पहिले आठ दिवस तासाभरापेक्षा जास्त घालू नका. भिजली तर सावलीत वाळवायची. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की चामडं कडक होऊन वादीजवळ तडकतं, आणि तडकलेलं चामडं कारागीरही शिवून देत नाही.