कोल्ट्रेनचं ‘माय फेव्हरेट थिंग्ज’: ठेका तोच, नूर नवा

‘द साउंड ऑफ म्युझिक’ या 1959 च्या ब्रॉडवे संगीतिकेतलं हे आटोपशीर गाणं अमेरिकी जॅझ वादक जॉन कोल्ट्रेनने 1960 मध्ये सोप्रानो सॅक्सोफोनवर जवळपास 14 मिनिटं फुलवलं. वॉल्ट्झ या नृत्यप्रकाराच्या तीन मात्रा कायम. पण सोलोच्या, म्हणजे एकेका वादकाच्या स्वतंत्र वादनाच्या वेळी मूळ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बाजूला पडतात आणि मॅककॉय टायनरचा पियानो मोजक्याच कॉर्डभोवती घोळत राहतो, आधी काहीशा उदास छटेचा ई मायनर, मग उजळ ई मेजर. मायनरमधून मेजरमध्ये शिरतानाचा तो क्षण केवळ अप्रतिम! पियानोचा सोलो लांबलाय असं वाटलं तरी पुढे सरकवू नका; पुढची सगळी झेप त्याच्याच जोरावर आहे. मूळ चालीचा समारोपाचा तुकडा अगदी अखेरीस येतो, तोवर कान आसुसलेले असतात. सिंगलसाठी (एका गाण्याच्या छोट्या तबकडीसाठी) कापलेल्या आवृत्तीत ही ओढ तयारच होत नाही, म्हणून पूर्ण लांबीचंच ध्वनिमुद्रण घ्या.