पीसीला दुसरी डिस्क: आतली हार्ड डिस्क, एसएसडी का यूएसबीवाली?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये, मुंजीचे व्हिडिओ डिलीट करवत नाहीत, म्हणजे दुसरी डिस्क घ्यायची वेळ आलीये. मी तिन्ही प्रकार वापरलेत, त्यामुळे माझं मत आधीच सांगतो, तुमचं विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर नवीन हार्ड डिस्क घेऊच नका, एसएसडी (आत फिरती चकती नाही, सगळं चिपवर) घ्या, विंडोज तिच्यावर टाका आणि जुनीलाच दुसरी डिस्क करा. जागा पण वाढते आणि पीसी चालू करून चहा टाकायला जायची सवय पण सुटते.

कारण साधं आहे. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे मारणारी) हार्ड डिस्क एकच मोठी फाइल असेल तर सेकंदाला १५०-२०० एमबी देते, पण विंडोजला हजारो बारीक बारीक फाइली लागतात आणि तिथे तिची पार दमछाक होते. साटा एसएसडी (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी वापरणारी) ५०० च्या पुढे जाते आणि बारीक फाइलींना पण अडत नाही. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी) त्याच्याही कितीतरी पट फास्ट, पण आधी मदरबोर्डावर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बसवायची खाच) आहे का आणि तो एनव्हीएमई घेतो का ते बघा, काही स्लॉट फक्त साटावाली घेतात. अजून एक गंमत म्हणजे काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. मी तासभर हार्ड डिस्क मेली समजून बसलो होतो, मॅन्युअल वाचल्यावर केबल शेजारच्या पोर्टात लावली आणि झालं.

विंडोज आधीच एसएसडीवर असेल आणि नुसती जागा हवी असेल तर मात्र आतली ३.५ इंची हार्ड डिस्क, जीबीमागे तीच स्वस्त. १ टीबीची घेतली तर ९३१ जीबी दिसेल, दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. सुटी डिस्क घेताना साटा केबल वेगळी मागून घ्या. मेव्हण्याकडे रविवारी दुपारी पीसी खोलला, चारही स्क्रू आवळले आणि मग कळलं की केबलच नाहीये, बाजार बंद, जेवण करून परत आलो. एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) साटा पॉवरची पिन शिल्लक आहे का तेही आधी बघा, नसेल आणि दुसऱ्या पिनेवरून साटा पॉवर काढणारा कन्व्हर्टर घ्यायचा तर एकसंध प्लास्टिक ओतलेला स्वस्तातला नको, ते वितळल्याचे प्रकार झालेत.

डिस्क लावली आणि धिस पीसीमध्ये दिसली नाही तर घाबरू नका. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, इनिशिअलाइज, जीपीटी (ही डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत, जुनी एमबीआर घेतली तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही), मग न्यू व्हॉल्यूम. पण हे फक्त कोऱ्या डिस्कला, डेटा असलेली जुनी डिस्क लावलीये आणि ती इनिशिअलाइज करू का विचारतेय तर हात मागे घ्या.

यूएसबीवालीला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, लॅपटॉपला पण चालते, फक्त निळ्या (यूएसबी ३) पोर्टात लावा, जुन्या यूएसबी २ मध्ये ३५-४० एमबीच्या वर जात नाही. तिचा खरा फायदा म्हणजे काढून कपाटात ठेवता येते. आतली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप असं बरेच जण धरून चालतात पण दोन्ही एकाच एसएमपीएसवर, पावसाळ्यात लाइट वरखाली होऊन तो उडाला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. फोटोंची एक कॉपी बाहेर हवीच. फक्त ती डिस्क चालू असताना पाडू नका.

आणि कुठलीही घ्या, घरी आल्या आल्या क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर किती तास चाललीये ते बघा. मला ‘एकदम नवीन’ म्हणून दिलेल्या डिस्कवर २१,००० तास होते, म्हणजे जवळपास अडीच वर्षं रात्रंदिवस चाललेली. बिल होतं म्हणून बदलून मिळाली.