बिटॲक्स गॅमा: अकोल्याचा उन्हाळा काढल्यानंतर

हिवाळ्यात घेतलेलं हे बिटकॉइनच्या खाणकामाचं छोटं यंत्र मे महिना काढून आता पावसाळ्यात पोचलंय आणि अजून चालू आहे. एकही ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा; त्याचं अवघड उत्तर ज्याच्या यंत्राला सापडतं त्याला नवे बिटकॉइन मिळतात) सापडलेला नाही, सापडेल अशी अपेक्षाही नाही, तरी विकायचा विचार नाही. घेण्याआधी मी जे व्हिडिओ पाहिले त्यात सगळे टेराहॅश (यंत्राचा वेग, सेकंदाला लाख कोटी प्रयत्न) आणि पंख्याच्या लाइटबद्दल बोलत होते. सेटिंगमधल्या ज्या एका रकान्यावर सगळं अवलंबून असतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तळहातावर मावेल असा बोर्ड, वर पंखा, खाली एकच चिप. चिप बीएम१३७०, म्हणजे बिटमेन कंपनीच्या अँटमायनर एस२१ प्रो या मोठ्या मशीनमध्ये रांगेने बसवलेली असते तीच. शेजारी ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर, जो वायफाय आणि सेटिंगचं पान सांभाळतो. डिझाइन सगळ्यांना खुलं असल्याने दहा जण बनवतात, आणि दर्जाही दहा तऱ्हांचा असतो. मूळ सेटिंगला (५२५ मेगाहर्ट्झ, ११५० मिलिव्होल्ट) १ टेराहॅशच्या थोडा वर वेग मिळतो, वीज १७-१८ वॉट. अडॅप्टर आणि कस्टम ड्युटी धरून मला दहा-अकरा हजारांना पडलं.

अडॅप्टरबद्दल आधी सांगतो, कारण पहिला आठवडा त्यानेच खाल्ला. यंत्राला ५ व्होल्टच लागतात. पिन तीच बसते म्हणून राउटरचा १२ व्होल्टवाला लावलात तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. विक्रेत्याने सोबत दिलेल्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट ६ अँपिअर छापलेलं होतं, पण लोड आला की डॅशबोर्डवरचा इनपुट व्होल्टेजचा आकडा ४.७ च्या खाली घसरायचा आणि यंत्र स्वतःहून रीस्टार्ट व्हायचं. विक्रेत्याचं उत्तर: "तुमच्या घरची लाइन वीक असेल." स्टेशन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून वजनाला जड असा एक अडॅप्टर आणला आणि तक्रार संपली. छापील अँपिअरपेक्षा वजनावर विश्वास ठेवा.

जोडणी सोपी आहे. यंत्र स्वतःचं वायफाय सोडतं, मोबाइल त्याला जोडून १९२.१६८.४.१ उघडायचं आणि घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड भरायचा. २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क चालतं. राउटरवर दोन्ही बँड एकाच नावाने असतील तर थोडी झटापट होते.

आता तो रकाना. 'स्ट्रॅटम युजर' या नावाखाली बिटकॉइनचा पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षरांची ओळ) भरायचा असतो. यंत्रात पैसे नसतात, खासगी चावीही (पैसे खर्च करायला लागणारा गुप्त आकडा) नसते. फक्त हा पत्ता असतो. मी सोलो सीकेपूल वापरतो, म्हणजे एकेकट्याने नशीब आजमावणाऱ्यांची यंत्रं जोडून घेणारा सर्व्हर. तिथे खातं उघडायचं नाही, ईमेल द्यायचा नाही, तुमचा पत्ता हेच तुमचं नाव. चमत्कार होऊन ब्लॉक सापडलाच, तर पूलचे २ टक्के वजा जाता ३.१२५ बिटकॉइन आणि त्या ब्लॉकमधली फी थेट त्या पत्त्यावर जमा होते, मध्ये कुणाच्या तिजोरीत थांबत नाही. आता विचार करा, तो पत्ता तुमचा नसेल तर? माझ्या यंत्रात पहिल्यांदा सेटिंग उघडलं तेव्हा तिथे आधीच कुणाचा तरी पत्ता भरलेला होता. विक्रेत्याने टेस्टिंगसाठी घातला असेल किंवा फर्मवेअरमधला (यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरमधला) नमुना राहिला असेल, मी वाईट अर्थ काढत नाही. पण बरेच जण वायफाय जोडतात, हॅशरेट (वेगाचा आकडा) दिसला की खूश होतात आणि हे पान पुन्हा उघडत नाहीत. त्यांचं यंत्र त्यांच्या विजेवर दुसऱ्याच्या नावाने तिकीट काढत बसतं.

दुसरी गोष्ट, माझ्याकडच्या फर्मवेअरमध्ये सेटिंगच्या पानाला लॉगिन नाही. त्याच वायफायवर असलेला कुणीही पत्ता बदलू शकतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आपण वायफायचा पासवर्ड देतो, भिशीच्या दिवशी तर अर्धी सोसायटी जोडलेली असते. म्हणून यंत्र राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर एकटं टाकलंय आणि पाहुण्यांना मुख्य वायफाय देतो. हे उलटं वाटेल, पण त्या खोलीत तेच एक भाडेकरू बरं. बाहेरून बघता यावं म्हणून राउटरचा पोर्ट इंटरनेटला उघडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सीकेपूलच्या साइटवर पत्ता टाकला की हॅशरेट दिसतोच. तो इतरांनाही दिसतो, म्हणून खाणकामाचा पत्ता वेगळा ठेवा आणि स्वतःच्या नावाशी जोडून कुठे टाकू नका.

उन्हाळ्याचं म्हणाल तर, विदर्भात हे यंत्र घेणाऱ्याने परदेशी परीक्षणांतले तापमानाचे आकडे विसरून जावेत. त्यांच्या खोलीत २२ अंश असतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी घरातच ३८-३९, आणि मेमध्ये वरच्या मजल्यावरची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागते. डॅशबोर्डवर दोन तापमानं दिसतात, चिपचं आणि व्होल्टेज रेग्युलेटरचं. सगळे चिपकडे बघतात, जीव जातो तो रेग्युलेटरचा. हिवाळ्यात चिप ५५-५८ वर निवांत असायची. एप्रिलच्या पहिल्या लाटेत पंखा शंभर टक्क्यांवर गेला, चिप ७० च्या पुढे सरकली आणि एका दुपारी यंत्राने ओव्हरहीट दाखवून हात टेकले. मग ४५० मेगाहर्ट्झवर उतरवलं, व्होल्टेजही कमी केलं. वेग नऊशे गिगाहॅशवर (०.९ टेराहॅश) आला, पण रेग्युलेटर थंड झाला आणि वीजही तीन-चार वॉटने वाचली. आता पाऊस सुरू झाल्यापासून परत ५२५ वर आहे. लोक ७००-८०० मेगाहर्ट्झचे फोटो टाकतात. अकोल्यात त्या भानगडीत पडू नये.

कूलरसमोर ठेवायची युक्ती तीन जणांनी सुचवली. अजिबात ठेवू नका. वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा गार असते हे खरं, पण ती ओली असते, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार कूलरच्या जाळीवर कसा पांढरा बसतो ते प्रत्येकाने पाहिलंय. तोच बोर्डावर बसेल. मी यंत्र उभं, भिंतीपासून वीतभर लांब, जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवलंय. धूळ आठवड्याला मऊ ब्रशने झाडतो.

पंख्याचा आवाज हा घरातला खरा वादाचा विषय. फार मोठा नाही, पण बारीक आणि सतत. बायको म्हणाली, "झोपायच्या खोलीत एक तर हे राहील नाही तर मी." म्हणून तो कोनाडा. तिच्या बाजूने इतिहासही आहे. हॅल फिनी हा बिटकॉइनचा जनक सातोशी याच्याकडून पहिला व्यवहार मिळालेला माणूस, १२ जानेवारी २००९ रोजी १० बिटकॉइन. त्याने त्या दिवसांत साध्या संगणकावर काही ब्लॉक काढले, तेव्हा एका ब्लॉकला ५० मिळायचे. मग बंद केलं. कारण त्यानेच पुढे लिहून ठेवलंय: संगणक तापायचा आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा.

डॅशबोर्डवरचा सगळ्यात व्यसन लावणारा आकडा म्हणजे 'बेस्ट डिफिकल्टी', आपल्या यंत्राने आजवर शोधलेलं सर्वांत कठीण उत्तर. पहिल्या दिवशी तो भराभर चढतो आणि वाटतं, असंच चाललं तर दिवाळीपर्यंत ब्लॉक! मग तो आठवडेच्या आठवडे हलत नाही. गणित असं की आकडा दुप्पट व्हायला साधारण आतापर्यंत लागला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. माझा सध्या साडेतीन 'जी' आहे, म्हणजे साडेतीन अब्ज. ब्लॉकला शंभराहून जास्त 'टी' लागतात, आणि टी म्हणजे लाख कोटी. मी तीस-चाळीस हजार पटींनी मागे आहे. जगभरचा वेग १ झेटाहॅश (शंभर कोटी टेराहॅश) धरला तर सव्वा टेराहॅशवाल्याची पाळी सरासरीने पंधरा-सोळा हजार वर्षांत एकदा येते. राज्य लॉटरीचं तिकीट दर दहा मिनिटांनी फुकट बदलून मिळतंय असं समजा; फरक इतकाच की सोडतीत भाग घेणारी बाकीची तिकिटं कारखान्यात छापली जातात. बाबा अजून रोज सकाळी चहाबरोबर विचारतात, "लागला का?" त्यांना हे गणित सांगून झालंय. त्यांचं म्हणणं, तिकीट घेतलंय तर विचारायला काय जातं.

विजेचं गणित छोटं आहे. महिन्याला तेरा युनिट, माझ्या स्लॅबमध्ये दीडशे रुपयांच्या आसपास. सोलो सोडून सामायिक पूलवर (जिथे सगळे मिळून खणतात आणि कमाई वाटून घेतात) महिनाभर लावून पाहिलं. दिवसाला चार-पाच रुपयांचे सातोशी (बिटकॉइनचे सगळ्यात छोटे तुकडे) जमले, म्हणजे फायदा शून्य आणि पैसे काढायच्या किमान मर्यादेला पोचायलाच बराच काळ. परत सोलोवर आलो.

पूलचा विषय निघालाच आहे तर पाकिटाचाही (वॉलेटचाही) निघतो, कारण दोन्ही एकाच माणसाकडे जातात. २०१० च्या डिसेंबरमध्ये पहिला मायनिंग पूल सुरू करणारा चेक प्रोग्रामर मारेक पालाटिनस. मार्च २०१२ मध्ये त्याच्या पूलचा सर्व्हर जिथे होता त्या लिनोड कंपनीतच घुसखोरी झाली आणि त्याचे तीन हजारांहून जास्त बिटकॉइन गेले. पुढे त्याने आणि पावोल रुस्नाकने ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट (खासगी चावी संगणकाबाहेर सांभाळणारं छोटं यंत्र) काढलं, २०१४ मध्ये ते ग्राहकांच्या हातात आलं. त्याआधीची तऱ्हा अशी होती की सगळी कमाई संगणकावरच्या एका वॉलेट फाइलमध्ये असायची. जून २०११ मध्ये एका हौशी खाणकऱ्याचे २५,००० बिटकॉइन त्याच्या विंडोज संगणकावरून उचलले गेले. मूळ सॉफ्टवेअरमध्ये वॉलेटला पासवर्ड लावायची सोय आली ती त्याच सप्टेंबरात. वेल्समधल्या जेम्स हॉवेल्सची तशीच चावी असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली आणि न्यूपोर्टच्या डेपोत गाडली गेली. खोदू द्या म्हणून तो कोर्टात गेला, २०२५ च्या जानेवारीत दावा फेटाळला गेला.

मी ट्रेझर सेफ ३ वापरतो. दोन बटणं, छोटा पडदा, पिन यंत्रावरच भरायचा. वापरायला किंचित कंटाळवाणा आहे, आणि असावाच. पत्ता आधी त्याच्या पडद्यावर वाचतो, मग बिटॲक्सच्या रकान्यातल्या पत्त्याशी पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघतो. कॉपी केलेला पत्ता मधल्या मध्ये बदलणारे व्हायरस असतात आणि त्यातले काही सुरुवातीची-शेवटची अक्षरं जुळवून ठेवतात. घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये बनावट ट्रेझर उघडून दाखवला होता, आतला कंट्रोलरच बदललेला. आणि डिलिव्हरी शक्यतो ऑफिसच्या पत्त्यावर. २०२० मध्ये असंच वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली, त्यात सुमारे पावणेतीन लाख लोकांचे घरचे पत्ते आणि फोन नंबर होते.

बॅकअपचे बारा शब्द (ट्रेझर हरवला तर याच शब्दांवरून पैसे परत मिळतात) आधी कागदावर होते. आमच्याकडे कागद म्हणजे पावसाळ्यात ओल आणि बाकी वर्षभर वाळवी, म्हणून स्टीलवर कोरायचे ठरवले. भांड्याच्या दुकानात नावं घालून देतात, पण तिथे शब्द द्यायचे म्हणजे तिजोरीची चावी त्या भाऊंच्या हातात. मग हार्डवेअरच्या दुकानातून इंग्रजी अक्षरांचा पंच सेट आणला, स्टीलची पट्टी कापून घेतली आणि गच्चीवर हातोडीने स्वतः ठोकले. यादीत २०४८ शब्द आहेत आणि कुठल्याही दोघांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे चारच ठोकली तरी भागतं. शेजारच्या काकूंनी खालून विचारलं, "भाऊ, पाटी बनवताय का दाराची?" पट्टी झाल्यावर ट्रेझरची बॅकअप तपासणी करून घेतली: पट्टीवर वाचून शब्द यंत्रात भरायचे, ते जुळले की नाही ते यंत्र सांगतं. हे केल्याशिवाय कागद जाळू नका.

खाणीतून काही येत नाही म्हणून थोडे बिटकॉइन विकतही घेतो, दर महिन्याला थोडेसे. त्यात एक गोष्ट आधी तपासा: काही अ‍ॅपवर नाणं घेता येतं, विकता येतं, पण स्वतःच्या पाकिटात काढता येत नाही. माझ्या पहिल्या अ‍ॅपवर तेच होतं. कस्टमर केअर "लवकरच येत आहे" एवढंच म्हणत राहिलं, शेवटी विकून बाहेर पडलो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि लोकांची नाणी वर्षाहून जास्त काळ अडकली, तेव्हा माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांनी पहिल्यांदा हार्डवेअर वॉलेटची किंमत विचारली.

रोज खरेदी-विक्री करणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. सगळी रक्कम शंभर वेळा फिरवली तर, भाव जागच्या जागी राहिला तरी, साठ टक्क्यांहून जास्त पैसा टीडीएसमध्ये जाऊन बसतो. विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण तोवर हातात काय? नफ्यावर ३० टक्के आणि सेस वेगळा, एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा नाही. खाणकऱ्याला तर आणखी एक: यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेतच सांगितलंय. माझ्या सीएने हे ऐकून यंत्राची किंमत विचारली आणि म्हणाला, "तुमचं उत्पन्न शून्य आहे ना? मग राहू द्या सध्या."

फर्मवेअर एकदाच अपडेट केलं, प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून. सेटिंग जशीच्या तशी राहिली, पण पत्ता परत ताडून घेतलाच. चुलतभाऊ अमरावतीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्याला वर्गात दाखवायला पुढच्या महिन्यात यंत्र हवंय. देण्याआधी सगळं पुसून देणार, कारण आत घरच्या वायफायचा पासवर्ड साठवलेला असतो. पत्ता मात्र त्याला माझाच भरायला सांगितलाय. तो म्हणतो, वीज कॉलेजची असेल तर पत्ताही कॉलेजचा पाहिजे. बोलणी चालू आहेत.